चढावरचा आवाज

एकदा एक वयोवृद्ध वस्ताद आपल्या शिष्येच्या मागे, सायकलीच्या कॅरिअरवर बसून भर बाजारातून निघाले, तेव्हा पाहणाऱ्यांना हसू आवरेना. देह भारदस्त, दाढी पांढरीशुभ्र, आणि पाय दोन्ही बाजूंना लोंबकळणारे! पण त्या प्रसंगाची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

बाबालाल वस्ताद सह्याद्रीच्या पायथ्याशी, बाजारपेठेच्या एका गावात मोटरी दुरुस्त करत असत. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, उसाची गुऱ्हाळे यांच्या जळालेल्या मोटरी त्यांच्या हातून पुन्हा सुरू होत. सुलक्षणा नावाची तरुणी त्यांच्याकडे काही वर्षे शिकत होती. आयटीआयचा अभ्यास तिने उत्तम प्रकारे पूर्ण केला होता, आणि विजेवर चालणारी नवी वाहने दुकानात आली की ती तिच्याकडेच सोपवली जात. तिला आपल्या कामाचा अभिमान होता. अभिमान वाटावा असेच ते काम होते.

एके सकाळी वैजयंताबाई आपली विजेवरची सायकल घेऊन आल्या. डोंगरावरच्या वाडीत एक लहानशी शाळा होती आणि बाई तिथल्या एकट्याच शिक्षिका. बालपणी पोलिओ झाल्याने त्यांचा डावा पाय अधू होता. पुढच्या चाकाच्या मध्यातच मोटर बसवलेली ही सायकल घेतल्यापासून त्या रोज कुणाच्या आधाराशिवाय वर जात.

"मोटर खरखरते," बाई म्हणाल्या. "देवळामागच्या चढावर तर दळण दळल्यासारखा आवाज येतो आणि जोरच जातो तिचा."

सुलक्षणाने सायकल स्टँडला टांगली. चाक अधांतरी ठेवून मोटर चालू केली. चाक भिंगरीसारखे फिरू लागले, आवाज नाही. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर तिने एक फेरी मारली. तरी काही नाही. चाकाच्या तारा मात्र काहीशा सैल होत्या. तिने त्या आवळल्या आणि म्हणाली, "झालं, बाई. तारा वाजत होत्या."

दुसऱ्या दिवशी बाई टेम्पोतून आल्या. सायकल मागे आडवी ठेवलेली होती.

"चढावर बंदच पडली," त्या म्हणाल्या. "पोरं वरून धावत आली आणि मला ढकलत वर घेऊन गेली. त्यांना गंमत वाटली. मला नाही वाटली. सुलक्षणा, घरची सगळी सांगतात, खालच्या शाळेत बदली मागून घ्या. मी म्हणते, मी माझ्या पोरांकडे रोज चढून जाते, ते मी सोडणार नाही. पण सोमवारी ही चालली नाही, तर शाळेचं कुलूप कोण उघडणार?"

सुलक्षणाचा चेहरा उतरला. दुकानातून परत गेलेले काम पुन्हा दारात यावे, आणि तेही आपले! तिने चाक पुन्हा टांगले, पुन्हा फिरवले. पुन्हा तेच, आवाज नाही. अखेरीस ती म्हणाली, "मोटरच बदलावी लागेल, बाई. मागवली तर यायला महिना तरी लागेल."

बाई बाकावर बसून राहिल्या.

इतका वेळ पंपाच्या मोटरीत तांब्याची तार गुंडाळत बसलेले वस्ताद हातातले काम ठेवून उठले. त्यांनी ना पाना घेतला, ना पक्कड. "गाडी खाली उतरव," ते म्हणाले. "तू चालव. मी मागं बसतो. देवळामागच्या चढाला घे."

"वस्ताद, तुम्ही? अहो, ती बाईंनाच ओढत नाही!"

"म्हणून तर बसतोय. चल, बेटा."

अशा रीतीने ती मिरवणूक बाजारातून निघाली. भाजीवाल्यांनी हाका मारल्या, कुणी टाळ्याही वाजवल्या. सुलक्षणा लाजेने लाल झाली. वस्ताद मात्र वरातीच्या घोड्यावर बसल्यासारखे ताठ होते.

चढ सुरू झाला आणि चाकातून तो आवाज आला. जाड्याभरड्या दळणासारखा, एका लयीत, खर्र, खर्र. सुलक्षणाने गती कमी केली, लय मंदावली. तिने मोटर बंद केली आणि सायकल अजून पुढे सरकत असतानाच आवाज थांबला. ती उतरली. वस्तादही उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"आता तू सांग," ते म्हणाले.

सुलक्षणा विचार करत बोलू लागली. "बेअरिंग गेलं असतं, तर मोटर बंद केल्यावरही वाजलं असतं. चाक तर फिरतच होतं. तारांचंही तसंच. म्हणजे मोटर जोर लावते तेव्हाच काहीतरी घासतंय. वस्ताद, आतली दातेरी चक्रं असतील. जोर त्यांच्यातूनच चाकाला मिळतो."

"असतील की आहेत?"

"दुकानात चला. दाखवते."

दुकानात तिने चाक टांगले. वीज बंद ठेवून हाताने पुढे फिरवले, गुपचूप फिरले. मग तिने ते उलटे फिरवले.

वस्ताद पुढे झुकले. "उलटं कशासाठी?"

"पुढं फिरवलं की आतला क्लच सुटतो आणि दातेरी चक्रं जागेवरच राहतात. उलटं फिरवलं की त्यांनाही फिरावं लागतं. हात ठेवा इथं."

वस्तादांनी मोटरीवर तळवा टेकला. चाक जड फिरत होते, आणि ठरावीक जागी तळव्याला एक हलका ठोका जाणवत होता. ते काही क्षण डोळे मिटून राहिले. मग गंमत पाहायला दारात जमलेल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं."

मोटर उघडल्यावर प्लॅस्टिकच्या तीन दातेरी चक्रांपैकी एकाचे दात झिजून तुटलेले आढळले. दुकानात तशाच प्रकारची एक निकामी मोटर पडून होती, पण तिची चक्रे शाबूत होती. सुलक्षणाने ती तिन्ही बसवली, नवे ग्रीस भरले.

काम करता करता तिने विचारले, "वस्ताद, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"बिघाड काय आहे, ते नव्हतं कळलं. कुठं ऐकायचा, तेवढं कळलं होतं," वस्ताद म्हणाले. "तू चाक अधांतरी ठेवून त्याला विचारलंस, कसा आहेस? ज्याच्यावर कसलाच भार नाही, तो बरा आहे असंच म्हणणार. बाईंनी तर पहिल्याच दिवशी चढ सांगितला होता. आपण मोटरीकडे कान लावला, बाईंकडे नाही."

"मग तोंडानं का नाही सांगितलंत? सगळा बाजार हसला तुम्हाला."

"सांगितलं असतं, तर पुढच्या खेपेला तू पुन्हा मलाच विचारलं असतंस. आता तू चढावर जाशील. त्यापुढं हसणं काय मोठं?"

सुलक्षणाने शेवटचा नट आवळला.

सोमवारी बाई निघाल्या तेव्हा भार असावा म्हणून सुलक्षणा स्वतः मागे बसली. देवळामागे चढ लागला. दोघींनीही बोलणे थांबवले. चाकातून मऊ गुणगुण तेवढी येत होती आणि सायकल चढत राहिली. वर ढकलण्यासाठी जमलेली पोरे बाजूला झाली, बाई त्यांच्यामधून ताठ मानेने पुढे गेल्या, आणि पोरे ओरडत मागून धावली.

आपल्या जवळचे माणूस "मी बरा आहे" म्हणते, तेव्हा ते सपाटीवर उभे आहे की चढावर, हे आपणही पाहत जावे.

सायंकाळी बाजारातल्या एका व्यापाऱ्याने वस्तादांना दुकानात गाठले. "शेवटी बाईंची गाडी तुम्हीच दुरुस्त केलीत म्हणे!"

"मी फक्त ओझं होतो," वस्ताद म्हणाले. "दुरुस्त तिनं केली." आणि दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या एका विजेवरच्या सायकलीच्या टांगलेल्या चाकाकडे वळून, नुकतेच काही नवे शिकलेल्या माणसाच्या उत्साहाने, त्यांनी ते व्यापाऱ्याला उलटे फिरवून दाखवले.