जाळीखालची वाटी

"आणखी काय रिकामं करायचं राहिलंय, माई? मला संन्यासाची दीक्षा अजून का देत नाही?"

विश्रामने हे विचारलं तेव्हा बायजामाई त्याच्या घरी पाटावर बसल्या होत्या. पुढ्यातल्या ताटाला हात लावला नव्हता.

माई संन्यासिनी; नदीकाठची झोपडी सोडून कुणाकडे जेवायला जात नसत. आज आल्या, कारण निरोप विश्रामच्या सासूचा होता. मथुराबाईंचा.

विश्रामची बायको गेल्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून या गड्याने वैराग्याचा असा काही ध्यास घेतला की विचारू नका. तिचे फोटो उतरवले. साड्या वाटून टाकल्या. सासूला बजावलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही.

मथुराबाईंना दुसरा आसरा नव्हता. पोटच्या लेकीचं नाव घ्यायची चोरी. बिचारीने रडायचं तरी कुठे?

"आत एक थेंब उरलेला नाही," विश्राम म्हणाला. "माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही आता."

माईंनी नाकाला पदर लावला.

"हा वास कसला रे?"

"मोरीतून येतो." विश्राम जरा ओशाळला. "कपड्यांचं मशीन घेतलंय. मीच बसवलं, कुणाला न बोलावता. पण त्याचं पाणी मोरीत तुंबायचं. जाळी उचलून बघतो, तर खाली एक वाटी. कपड्यांच्या धाग्यांनी भरलेली, आणि तिच्यात घाण पाणी साचलेलं. म्हटलं, ही ब्याद कशाला? काढूनच टाकली. आता पाणी कसं सरसर जातं!"

"आणि वास?"

"तो... तेव्हापासूनच आहे."

माई उठल्या. मोरीपाशी गेल्या.

"वाटी कुठंय?"

"फेकायला दिली होती सासूबाईंना."

मथुराबाई आत गेल्या. त्यांनी पिंपामागून वाटी काढून आणली. फेकवली नव्हती त्यांच्याने.

माई खाली बसल्या. वाटीतले धागे बोटांनी काढले, वाटी धुतली, जाळीखालच्या भोकात परत बसवली. मग तांब्याभर पाणी हळूच ओतलं. वरचं पाणी वाहून गेलं. वाटीभर तेवढं राहिलं.

"माई, परत तुंबेल ना!"

"तुंबेल. मग पुन्हा धुवायची."

"पण ते साचलेलं पाणी..."

"खालच्या गटाराची घाण वर येऊ देत नाही, बाबा, तेवढंच पाणी."

उघड्या खिडकीतून वारा येत होता. हळूहळू वास कमी झाला. मग गेला.

विश्राम वाकून त्या वाटीतल्या पाण्याकडे बघत राहिला. बराच वेळ. शेवटी मान वर करून त्याने विचारलं,

"मग दीक्षा...?"

माई हात धुऊन ताटावर येऊन बसल्या. दाराशी उभ्या असलेल्या मथुराबाईंना हाताला धरून शेजारी बसवलं.

आणि विश्रामला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मथुरे, तुझ्या लेकीचं नाव काय गं?"