उजाड राखलेलं रान

त्या राज्यात पाखरंच पेरत आणि पाखरंच राखत. दरबार फक्त देत असे.

त्या साली गारांनी उभी ज्वारी आडवी केली. दुसऱ्याच दिवशी कावळ्याने दवंडी पिटली: ज्याचं पीक गेलं त्याला दरबारातून वर्षभराचा दाणा मिळेल. मात्र दरबाराचं कासव येऊन नुकसान पाहीपर्यंत रानाला कोणी चोच लावायची नाही. चोच लागली की दाणा गेला!

कासवाला नावं ठेवायची सोय नव्हती. मोठा सरळ जीव, कोणाचा कण घेत नसे. पण सगळं राज्य पायी फिरायचं, तेही त्या चालीने, म्हणजे झालंच.

माळाखाली एका लावी पक्षिणीचं रान होतं. नवरा गारांतच गेलेला. मागे एकच पिल्लू, त्याचं नाव चिंगी. त्या दाण्यावरच चिंगीचा पावसाळा निघायचा होता. शेजारचा म्हातारा होला दोनदा सांगून गेला, "अगं बाई, ओल आहे तोवर पेरून घे. दरबाराचं काय, आलं तर आलं."

"होलेबाबा, आता चोच लावली तर तेलही गेलं नि तूपही गेलं. त्यापेक्षा बसते गप."

ती बांधावर बसून राहिली. आपलंच रान ती आपल्यापासून राखत होती. कणसं कुजली, त्यांचा वास घरट्यापर्यंत येऊ लागला. ओल रोज थोडी खाली जात होती आणि लावीच्या पायांना ते कळत होतं. पाखराला अशा वेळी पेरता येऊ नये, यापरतं दुःख नाही.

चिंगीला यातलं काय कळणार? तिने पडल्या कणसातला एक दाणा उचलला, आईला पाहिलं होतं तशी माती उकरली आणि पुरला. तिची पहिली पेरणी. एका सकाळी ती नाचतच आली.

"आई, आई, चल ना! माझं उगवलंय!"

लावीने पाहिलं. काळ्या रानात एकच कोंब, हिरवागार. आणि वाटेच्या वळणावर कासवाची पाठ दिसत होती. लावीने चोच घातली, कोंब मुळासकट उपटला, मातीत दाबला आणि वरून पाय फिरवला. चिंगी बघत राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

कासव आलं, सावकाश फिरलं आणि म्हणालं, "शाबास बाई. नियम असा कोणी पाळला नाही." दाणा मिळाला, ठरल्यापेक्षा मूठभर जास्तच. पावसाळा निघाला. चिंगी अंगाने भरली.

पुढल्या हंगामाला लावीने हौसेने पेरलं. पाऊस वेळेवर झाला. ज्या दिवशी रान हिरवं दिसायला हवं होतं, त्या दिवशी ती उजाडताच बांधावर गेली.

रान काळंच होतं. चिंगी मधोमध उभी होती, चोच मातीने माखलेली. शेवटचा कोंब तिने उपटला, दाबला, वरून पाय फिरवला. मग आईकडे बघून हसली आणि वाटेच्या त्या वळणाकडे तोंड करून गप बसली.