चुचूची पायरी आणि काकांची पेन्सिल

एक होती चिचुंद्री. नाव चुचू. चुचू इवलीशी, पण वास केवढा!

माडीवर तिचं खोबरं. माडीला टेकलेली तिरकी फळी. चुचू तुरुतुरु चढायची, कुरुम कुरुम खायची.

आज फळी गायब! सुतारकाकांनी काढली. तिथे लाकडी जिना होणार.

"काका काका, मला पायरी करा. माझं खोबरं वर राहिलं!"

"करतो की! मी ज्याच्या त्याच्या मापाची पायरी करतो. पण माझी पेन्सिल हरवली. भुशात पडली असेल. केरसुणीला सांग, आधी भुसा झाड."

चुचू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"केरसुणी केरसुणी, भुसा झाड.
काकांना पेन्सिल सापडेना,
पायरी काही होईना,
माझं खोबरं मिळेना!"

केरसुणी म्हणाली, "मी नाही झाडत. भुशावर मनी मांजर घोरतेय. आधी तिला उठव."

चुचू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मनी मनी, ऊठ.
केरसुणी भुसा झाडेना,
काकांना पेन्सिल सापडेना,
पायरी काही होईना,
माझं खोबरं मिळेना!"

मनीने नाक मुरडलं. "शी! लांबून बोल. मी नाही उठत. आधी दूध."

चुचू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आत्या आत्या, दूध आण.
मनी भुशावरून उठेना,
केरसुणी भुसा झाडेना,
काकांना पेन्सिल सापडेना,
पायरी काही होईना,
माझं खोबरं मिळेना!"

सगुणाआत्या म्हणाली, "दूध राहिलं माडीवर. मी काय उडत जाऊ? काकांना सांग, आधी जिना करा."

चुचू परत काकांकडे! तुरुतुरु, हुश्श. तुरुतुरु, हुश्श.

"काका काका, जिना करा.
आत्या दूध आणेना,
मनी भुशावरून उठेना,
केरसुणी भुसा झाडेना,
काकांना पेन्सिल सापडेना,
पायरी काही होईना,
माझं खोबरं मिळेना!"

"कसा करू? पेन्सिल नाही ना!" काकांनी खिसे उलटे केले. चपला झटकल्या. मग ते वाकले. डोकं खाली, ढुंगण वर.

आणि चुचूला दिसला काकांचा कान. कानावर काय? पेन्सिल!

"अहो वेंधळेकाका! कान चाचपा, कान!"

"अरेच्चा!" म्हणाले काका.

मग काय! काकांनी माप घेतलं. ठोक ठोक, जिना झाला. धप धप, आत्या वर गेली, दूध घेऊन आली. मनी उठली, लप लप प्यायली. केरसुणीने भुसा झाडला, फर्र फर्र. भुशातून निघाल्या आणखी पाच पेन्सिली!

पण चुचू खालीच. सगळ्या पायऱ्या आत्याच्या मापाच्या!

"आणि माझं माप?" चुचू जाम चिडली.

काकांनी जीभ चावली. चुचूचा पाय मोजला. मोठ्या पायऱ्यांच्या कडेला इवल्या इवल्या पायऱ्या ठोकल्या. टुक टुक टुक.

चुचू चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. खोबरं मिळालं! कुरुम कुरुम.

खालून काका ओरडले, "चुचू, माझी पेन्सिल कुठे गेली गं?"

चुचू म्हणाली, "मी नाही सांगत. आधी खोबरं!"