पाटावरची जागा

फार पूर्वी, अवजारं आपसांत बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका घरात खंडेनवमीला पाटावर बसलेल्या ज्या अवजाराला झेंडूचं फूल मिळे, ते वर्षभर टेबलावर राही. बाकीच्यांची रवानगी माळ्यावर.

त्या वर्षी नवा गेमपॅड बिचकत पाटाशी आला. जुना कीबोर्ड पाटभर पसरून बसला होता.

"आजोबा, थोडं सरकता का?"

"तू कसलं रे अवजार? अंगावर धड अक्षरं नाहीत! खेळावं तर माझ्यावरच. दहाही बोटं कामाला लागतात."

"पण घरातल्या मुक्ताताईला मीच आवडतो. तिला लोळत खेळायचं असतं."

"लोळत! आमच्या काळी खेळणारे ताठ बसत."

गेमपॅड भीतीने थरथरू लागला. तेवढ्यात, पुसण्यासाठी माळ्यावरून उतरवलेला टाइपरायटर खोकला.

"बाळ कीबोर्डा, तू आलास तेव्हा मीही म्हणालो होतो, ज्यातून कागद निघत नाही ते कसलं अवजार! तरी सरकलो होतो ना?"

कीबोर्ड चार बोटं सरकला.

"बस," तो पुटपुटला. "पण उगाच थरथरू नकोस. माझी निम्मी अक्षरं आधीच उडाली आहेत."