उभे होते तेव्हा कसे होते?

कुठल्या राजाच्या काळातली ते विचारू नका, पण गोष्ट फार जुनी आहे.

एका गावात पानमळा पिकवणारा एक म्हातारा होता. तो अंथरुणाला खिळला आणि त्याची शुद्ध हरपली. वैद्य आले, नाडी पाहिली आणि निम्मं संस्कृतात बोलले. मुलाने आणि मुलीने माना डोलावल्या. कळलं काहीच नव्हतं, पण विचारायची लाज.

म्हाताऱ्याच्या शुश्रूषेला एक बाई येत असे. गाव तिला आक्का म्हणे. तिने वैद्यांना दारातच थांबवलं आणि यांना समजेल असं पुन्हा सांगा म्हणाली. वैद्यांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी सांगितलं. पोटात गाठ आहे. राजधानीत ती कापून काढतात, पण बैलगाडीची वाट पाच दिवसांची, आणि म्हातारा वाटेतच जाण्याची भीती मोठी. घरी ठेवला तर थोडेच दिवस, मात्र वेदना कमी करता येतील. उद्यापर्यंत ठरवा.

मुलगा म्हणाला, न्यायचं. मुलगी म्हणाली, हलवायचं नाही. ती त्याला हट्टी म्हणाली, तो तिला निर्दयी. दोघांचं बोलणंच तुटलं. मग दोघंही वेगवेगळे आक्काला विचारून आले, तुमचे वडील असते तर काय केलं असतंत?

सल्ला द्यायला काय जातं? आक्काने दिला नाही, आणि इथेच मी तिला हात जोडतो. तिने दोघांना बापाच्या उशाशी बसवलं.

"मी यांना आडवंच पाहिलंय," ती म्हणाली. "उभे होते तेव्हा कसे होते, सांगा मला."

मुलगा सांगू लागला. अण्णा मळ्यात कोणाला वहाणा घालून येऊ देत नसत, राजाच्या कारभाऱ्यालाही नाही. मुलगी हसली. मग मुलाने आजीची गोष्ट काढली. तिला असंच राजधानीला नेताना वाटेत उघड्या माळावरच तिचा जीव गेला होता. अण्णा जन्मभर हळहळत, तिला शेवटी घर मिळालं नाही म्हणत.

बोलता बोलता तो थांबला. "मला म्हणाले होते, माझं असं करू नका." त्याला रडू कोसळलं. "पण आक्का, मग मीच त्यांना मारलं असं होईल ना?"

"नाही रे बाळा. मारतंय ते दुखणं. तू फक्त त्यांचं म्हणणं त्यांच्या वतीने बोलतोयस."

म्हातारा घरीच राहिला. आक्काने मुलाला त्याची कूस बदलायला शिकवलं, मुलीला ओठ ओले करायला. अकराव्या दिवशी तो शांतपणे गेला, तेव्हा त्याचा एक हात मुलाच्या हातात होता, एक मुलीच्या. पुढे गावाने नावं ठेवली, बापाला राजधानीला नेलं नाही म्हणून. बहिणीने तोंड उघडण्याआधी भावानेच उत्तर दिलं, "आम्ही दोघांनी ठरवलं."

तात्पर्य : आजाऱ्यासाठी ठरवताना आपल्याला काय हवं ते नव्हे, त्याला काय हवं असतं ते विचारावं, आणि तसं विचारायला लावणारं माणूस औषधाहून मोठं मानावं.