कुलपातली होडी

"पण यंदा तरी नदी माणसं नेणार नाही ना, बाबा?"

सरपंच हिंदुरावांनी हे विचारलं खरं, पण उत्तर त्यांनी मनात ठरवूनच आणलं होतं. ते फक्त लालनबाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. नदीकाठच्या दर्ग्यातला हा म्हातारा फकीर 'नाही' म्हणाला, की गाव निर्धास्त झोपायचं.

बाबांनी नदीकडे पाहिलं.

"सरकारकडून पैसा आणला, बाबा. आपत्तीचा निधी! जिल्ह्याच्या हापिसात चपला झिजवल्या त्यासाठी. सागवानी होडी बांधून घेतली. अख्ख्या तालुक्यात तशी नाही."

बढाई होती, पण पोकळ नव्हती. मागच्या पुरात हिंदुरावांची आई छपरावर बसून होती. शेजारच्या गावची होडी येईपर्यंत छप्परच उरलं नाही.

"कुठाय होडी?"

"गोदामात. कुलपात." हिंदुरावांनी गळ्यातली किल्ली दाखवली. "दोन उन्हाळे गेले, कुणाला बोट लावू दिलं नाही. उद्घाटनाला मंत्रीसाहेब यायचेत."

"दाखव."

पत्र्याच्या गोदामात भट्टीसारखी धग होती. होडी ओंडक्यांवर ठेवलेली. रंग चकचकीत, पुढच्या टोकाला वाळलेला हार. हिंदुरावांचा ऊर भरून आला.

बाबांनी खांद्यावरचा तुंबा उतरवला. त्यातलं पिण्याचं पाणी सगळं होडीत ओतलं.

"अहो बाबा, रंग..."

पाणी होडीत थांबलंच नाही. खालची धूळ भिजली. उन्हाच्या तापानं फळ्या सुकून आखडल्या होत्या, सांधे उघडे पडले होते.

हिंदुरावांनी वाकून एका फटीत बोट घातलं. छपरावरची आई त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"जिवापाड जपली होती हो... आता काय करू?"

"नदीवर ने. फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत बुडवून ठेव."

"बुडवू? नवी कोरी होडी? अजून उद्घाटन..."

बाबांनी रिकामा तुंबा पुन्हा खांद्याला अडकवला. दारापाशी थांबले.

"तू बुडवशील तेव्हा ती रिकामी असेल, हिंदुराव. नदी बुडवील तेव्हा भरलेली."