ताडपत्रीखालचे दिवे

"पण अंधारात काटा दिसलाच नाही, तर गाडी तापली हे मला कळणार कसं?"

थोरवडे सरांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. बाबालाल मिस्त्री त्यांच्या जुन्या गाडीत, डॅशबोर्डखाली उताणे पडले होते. दाराबाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"कळंल," आतून आवाज आला.

"कसं?"

पाटणच्या शाळेत सरांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. 'कळंल' हे उत्तर त्यांनी एकाही विद्यार्थ्याकडून कधी चालवून घेतलं नव्हतं. पण इतक्या जुन्या गाडीच्या वायरिंगला हात घालणारा गावात हा एकच पंचाहत्तरीचा माणूस उरला होता आणि गरज सरांची होती. तेव्हा सर गप्प बसले. म्हणजे, दोन मिनिटं.

"नव्वद अंशांच्या वर काटा गेला की धोका सुरू होतो, मिस्त्री. पाणी उकळायला मग वेळ लागत नाही."

"व्हय?" मिस्त्री म्हणाले. पन्नास वर्षं गाड्यांखाली काढलेल्या माणसाला हे नवीनच असावं.

सरांची घाई खरी होती. संध्याकाळी त्यांना कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं होतं आणि वृंदाला, एकुलत्या एका लेकीला, बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. तिला आठवा संपत आला होता. यायला ती आधी तयारच नव्हती. "बाबा, तुम्ही रस्ता बघत नाही, काटा बघता," ती फोनवर म्हणाली होती. "तुमच्या गाडीत बसायची मला भीती वाटते." भाड्याच्या गाडीचं नाव काढलं की सर चिडत. दुसऱ्याचं इंजिन कसं आहे, कोण सांगणार? शेवटी तीच कंटाळून हो म्हणाली.

परत येताना दुपारच्या उन्हात घाट चढायचा तर इंजिन तापणार, म्हणून सरांनी तिथून निघायला दुसऱ्या दिवशीची पहाटे चारची वेळ ठरवली. चारला अंधार असतो. आणि अंधारात काटा दिसायला मीटरचे दिवे हवेत, ते पाचही गेलेले. एका भीतीतून सुटायला जावं तर दुसरी दारात उभी, असं गेले आठ दिवस चाललं होतं. रात्री झोप नाही, ताटातलं अन्न ताटात.

त्यांनी दिवे स्वतः कऱ्हाडहून आणले होते, साध्या दिव्यांच्या तिप्पट उजेडाचे. मिस्त्रींनी ते हातात घेऊन एकदा बघितले होते.

"ह्येच बसवायचं?"

"हेच."

"बरं."

आता पाचवा दिवा बसला. मिस्त्री सरपटत बाहेर आले आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "आत बसा, सर. काचा वर घ्या."

भिंतीला गुंडाळून ठेवलेली काळी, जाड ताडपत्री त्यांनी उलगडली आणि टपावरून ओढून अख्खी गाडी झाकली. दिवसाउजेडी मीटरचे दिवे तपासायची त्यांची ही रीत होती. बाहेर दुपारचे दोन वाजले होते. आत सरांना स्वतःचा हात दिसेना.

"किल्ली फिरवा. दिवं लावा."

पाचही दिवे एकदम लागले. सरांचे डोळे दिपले आणि मग, कित्येक महिन्यांनी, त्यांना बरं वाटलं. काय तो उजेड! काट्यावर बसलेली धूळसुद्धा दिसत होती.

"काय दिसतंय?" मिस्त्रींचा आवाज दबका येत होता.

"सगळं! तापमान अगदी तळाला. पेट्रोल अर्ध्याच्या वर."

"अजून?"

"बॅटरी ठीक. ऑइल... ते इंजिन सुरू झाल्यावर कळेल."

"अजून?"

"अजून काय असतं मीटरमध्ये?" सरांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला.

"..."

"मिस्त्री?"

"पुढं बगा. काचंतनं."

सरांनी मान वर केली. समोरच्या काचेत पाच दिवे उमटले होते. त्यांच्या मधोमध एक म्हातारा होता. चष्मा नाकावर घसरलेला, ओठ आवळलेले, कपाळभर आठ्या. आपण असे दिसतो हे सरांना माहीत नव्हतं.

"मीच दिसतोय," ते म्हणाले.

"मग दिवं बंद करा."

"बंद? आत्ताच तर लावलेत!"

सरांचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. साधं बटण होतं, गाडी जागची हलत नव्हती, आणि तरी बोटं ऐकेनात. शेवटी डोळे मिटून त्यांनी ते दाबलं.

काळोख झाला. सरांनी डोळे उघडले तरी काळोखच.

मग ताडपत्रीच्या शिवणीतून उजेडाचे बारीक ठिपके दिसू लागले. मग बॉनेटची कड. मग एक पांढरी टोपी. टोपीखाली दाढी. ताडपत्रीच्या आत, काचेपासून हातभर अंतरावर, बॉनेटला टेकून मिस्त्री उभे होते. त्यांनी एक पंजा वर धरला होता.

सर केवढ्याने तरी दचकले.

"तुम्ही... कधीपासून उभे आहात तिथे?"

"तुमी पेट्रोल वाचत हुता, तवापास्नं," मिस्त्री म्हणाले. "हात हालवत हुतो."

ताडपत्रीखाली उकडत होतं. सरांच्या मानेवरून घाम ओघळला तो त्यांनी पुसला नाही.

"कुमुद, वृंदाची आई, मागच्या सीटवर होती," सर म्हणाले. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, वृंदालाही नाही. "दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात. चिपळूणहून येताना तिच्या छातीत दुखायला लागलं. कऱ्हाडला न्यायची म्हणून घाट चढत होतो. संध्याकाळ झाली होती. हे दिवे तेव्हाच गेलेले... काटा वर गेला तो मला दिसला नाही. गाडी उकळली."

"..."

"चाळीस मिनिटं, मिस्त्री. बॉनेट उघडून उभा होतो मी. फुंकर घालायची तेवढी बाकी होती. तिनं दोनदा हाक मारली. 'अहो, इकडे या ना, बसा जरा.' मी म्हटलं, थांब, आधी ही गार होऊ दे."

"..."

"दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, चाळीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. पण मला काटा दिसला असता तर... नुसता काटा दिसला असता..."

या वयात, परक्याच्या गॅरेजात, सर रडले.

मिस्त्रींनी समजूत घातली नाही. त्यांनी ताडपत्री ओढून काढली. ऊन भसकन आत आलं. ते पुन्हा डॅशबोर्डखाली उताणे झाले, नवे पाच दिवे एकेक करून काढले आणि सरांच्या ओंजळीत ठेवले. मग एका गंजक्या डब्यातून जुने, साधे दिवे शोधून बसवले.

"हे नकोत का?" सरांनी ओंजळ पुढे केली. आवाजात आता मास्तर नव्हता.

मिस्त्रींनी पुन्हा ताडपत्री ओढली. सरांनी दिवे लावले. काटा दिसत होता, जेमतेम. काचेपलीकडची टोपीही दिसत होती, आणि वर धरलेला पंजा.

दुपारी चार वाजता सर चिपळूणला निघाले. फाटकाबाहेर दहा पावलं गेले आणि गाडी थांबली. सरांनी काच खाली करून मान बाहेर काढली. चेहरा पुन्हा काचेत दिसला होता तसाच झाला होता.

"मिस्त्री! रेडिएटर नवा घातलाय. पट्टा बदललाय. पाण्याचे दोन कॅन घेतलेत. तरीसुद्धा तापलीच तर? वृंदा गाडीत असताना, मधल्या वळणावर, अंधारात तापली तर... मी काय करू?"

मिस्त्री सावकाश चालत आले. दारावर हात ठेवून वाकले.

"बाजूला घ्या. इंजिन बंद करा."

"हो. आणि?"

"बॉनेटला हात लावू नका."

"मग ती गार कशी होणार?"

"हुईल आपली आपण," मिस्त्री म्हणाले. "तुमी लेकीजवळ बसा."